डिव्हिडंड केव्हा येणार? : खनिजशोध कंपन्यांचे भाग आणि आपल्या अपेक्षा

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कार्यवृत्त असावे, देणगीदारांची नामावली असावी, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असावीत. त्यात शेअरबाजाराचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास कारण घडले ते असे.

महोत्सव समितीची बैठक राजगढ येथे भरली असता एका सभासद कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवण्याची इच्छा प्रकट केली. वडिलांनी हयातीत एका लहान खनिजशोध कंपनीचे भाग घेऊन ठेवले होते. ते सर्व न्यासाच्या नावे करून द्यावेत आणि त्यांवर दरवर्षी जो डिव्हिडंड येईल त्यातून समाजातील दोन गरजू मुलींची फी भरावी, असा तो प्रस्ताव होता. सर्वांना आनंद झाला. टाळ्याही पडल्या. टाळ्या थांबल्यावर आमच्या कोषाध्यक्षांनी हळूच विचारले, "आजवर डिव्हिडंड किती आला?"

घरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एकदाही आला नव्हता. "पण कंपनीला सोने सापडले आहे म्हणतात, तेव्हा आता येईलच," असे धाकट्या चिरंजीवांनी सांगितले.

बँकेच्या नोकरीत जन्म गेलेला मनुष्य म्हणून ह्या 'येईलच'चा उलगडा करण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. असे भाग आपल्या आणखीही काही घरांत आहेत हे चौकशीअंती कळले. सबब हा लेख सर्वांसाठी लिहीत आहे. कोणता भाग घ्यावा वा विकावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. डिव्हिडंड कोठून निघतो आणि कोठून निघू शकत नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

जाड पाकीट आणि पातळ पाकीट

प्रथम घरचीच हकीकत सांगतो. माझी एक मावशी देवासला राहात असे. तिच्या यजमानांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतील काही भाग अशाच एका शोध-कंपनीत घातला होता. ते गेल्यावर मावशीने भागपत्रे पितळी डब्यात घालून देवघराच्या फडताळात ठेवली. दरवर्षी पावसाळा सरता सरता कंपनीचे एक चांगले जाड पाकीट येई. मी गेलो की मावशी ते पुढे करी आणि म्हणे, "बाळ, बघ रे, ह्यात आहे का ते?"

त्यात वार्षिक अहवाल असे. गुळगुळीत कागद, डोंगरावर उभ्या केलेल्या छिद्रण-यंत्राची रंगीत चित्रे, आणि शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत तोट्याचा आकडा. 'ते' त्यात कधीच नसे. डिव्हिडंडाचे पाकीट त्या काळी पातळ असे. आत एकच कागदाची पट्टी. मावशी जाड पाकिटाची वाट पाहात राहिली. तिला दोष देता येणार नाही, कारण घरातल्या कोणालाच त्या दोहोंतला फरक ठाऊक नव्हता.

डिव्हिडंड म्हणजे काय?

आपण कंपनीचा भाग घेतो तेव्हा तिला कर्ज देत नाही. तिच्या धंद्यात भागीदार होतो. कर्ज दिले असते तर धंदा चालो वा न चालो, व्याज मागता आले असते. भागीदाराला तसा हक्क नाही. त्याच्या वाट्याला जो नफा येतो त्यातला जेवढा अंश कंपनी वाटावयाचे ठरविते तोच डिव्हिडंड, म्हणजे लाभांश.

ह्याविषयी २०१३ चा कंपनी कायदा स्पष्ट आहे. लाभांश चालू वर्षाच्या नफ्यातून, किंवा मागील वर्षांच्या साठवलेल्या नफ्यातूनच देता येतो. नफा मोजण्यापूर्वी यंत्रसामग्रीची झीज वजा करावी लागते. मागील वर्षांचा तोटा पुढे ओढत आणलेला असेल, तर तो आधी भरून काढावा लागतो. संचालक मंडळ लाभांशाची शिफारस करते व भागधारकांची वार्षिक सभा तो जाहीर करते. सभेला ती शिफारस कमी करता येते. वाढविता मात्र येत नाही. एकदा जाहीर झालेला लाभांश तीस दिवसांत द्यावा लागतो. भागधारकांनी घातलेल्या भांडवलातून लाभांश वाटता येत नाही; तसे केल्यास उजव्या खिशातले काढून डाव्या खिशात घातल्यासारखेच होईल.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या कंपनीने दहा वर्षे जमिनीत शोध घेण्यात १२ कोटी रुपये खर्चिले आणि तेवढा तोटा तिच्या वहीत साचला. अकराव्या वर्षी खाण सुरू झाली आणि २ कोटी रुपये नफा झाला. भागधारक म्हणेल, आता तरी द्या. परंतु १२ कोटींचा खड्डा भरेपर्यंत देता येणार नाही. दरसाल २ कोटी नफा होत राहिला तरी तो भरण्यास सहा वर्षे लागतील. म्हणजे पैसे घातल्यापासून सोळा वर्षांनी खड्डा बुजला आणि सतराव्या वर्षी लाभांशाची नुसती गोष्ट काढता आली!

येथे आणखी एक फसगत सांगून ठेवतो. '५० टक्के लाभांश' असे वाचून पुष्कळांचे डोळे दिपतात. हे टक्के भागाच्या दर्शनी किमतीवर मोजलेले असतात. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर ५० टक्के म्हणजे ५० पैसे. तोच भाग आपण बाजारात १०० रुपयांना घेतला असेल, तर आपल्या पैशावर वर्षाला अर्धा टक्का सुटला. बचत खात्याचे व्याजसुद्धा त्याहून बरे.

पाणाड्या आणि बागाईतदार

आता शोध-कंपनीकडे वळू. आपल्याकडे विहीर खणण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची रीत होती. तो रानातून हिंडून जागा दाखवी. परंतु पाणाड्याने जागा दाखविली म्हणजे उसाचे पैसे हाती आले असे कोणी शेतकरी मानीत नसे. विहीर खणावी लागे, पाणी पुरेसे व गोडे लागावे लागे, मोट किंवा इंजिन बसवावे लागे, पाट काढावे लागत, आणि मग कोठे पीक.

शोध-कंपनी ही पाणाड्या आहे आणि खाण चालविणारी कंपनी ही बागाईतदार. दोघींच्या नावांत 'माइन्स' किंवा 'मिनरल्स' असे शब्द असतात म्हणून आपण दोघींना एकच समजतो, आणि घोटाळा तेथेच होतो.

शोधकामाच्या सरकारमान्य पायऱ्या चार आहेत. पहिल्या पायरीत विस्तीर्ण मुलखाची धावती पाहणी होते. दुसरीत प्राथमिक शोध, तिसरीत सर्वसाधारण शोध आणि चौथीत बारकाईचा शोध, ज्यात ठरावीक अंतरांवर खोल भोके पाडून खडकाच्या लांब कांड्या बाहेर काढतात व प्रयोगशाळेत तपासतात. प्रत्येक पायरीवर बहुतेक जागा गळतात; थोड्याच पुढे जातात. आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून महाग असते.

'सोने सापडले' ह्या वाक्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. सोन्याच्या खडकात एका टनामागे काही ग्रॅमच सोने असते. समजा टनामागे २ ग्रॅम आहे. तर १ लाख टन खडक फोडून, दळून, रसायनांतून काढला असता त्यात २०० किलो सोने असावयाचे. पैकी दहांतील नऊ हिस्से हाती आले तर १८० किलो. तेवढ्या सोन्याची किंमत आणि लाख टन खडक उपसण्याचा, दळण्याचा, विजेचा, पाण्याचा, मजुरीचा, स्वामित्वशुल्काचा व कर्जावरील व्याजाचा खर्च, ह्यांची वजाबाकी म्हणजे नफा. ही वजाबाकी जमेची निघते की नाही हे सिद्ध होईपर्यंत जमिनीत असलेल्या सोन्याला खनिज म्हणावे, संपत्ती म्हणू नये.

आणि वजाबाकी जमेची निघाली तरी पुढे खाणपट्टा, पर्यावरणाची संमती, रान असल्यास वनखात्याची परवानगी, जमीनधारकांशी करार, कारखान्याची उभारणी ही सारी दारे उघडावयाची राहतात. शोध-कंपनीला ह्या अवधीत विक्री नाही. म्हणून उत्पन्न नाही. म्हणून नफा नाही. आणि म्हणून लाभांश नाही. ह्यात कोणाची लबाडी असेलच असे नव्हे. धंद्याचे स्वरूपच तसे आहे.

आपल्या शेजारची दोन उदाहरणे

राजगढहून पश्चिमेस झाबुआच्या बाजूला गेले म्हणजे माळव्याचा काळा पाषाण काही ठिकाणी संपतो आणि त्याहून फार जुने खडक उघडे पडतात. त्या जिल्ह्यात काजलीडोंगरी नावाची मँगनीजची खाण आहे. भूगर्भ खात्याचे फर्मर ह्यांनी १९०६ मध्ये येथील एका नव्या खनिजास, खात्याचे तेव्हाचे संचालक हॉलंड ह्यांच्यावरून, 'हॉलंडाइट' असे नाव दिले. जगातील खनिजशास्त्राच्या ग्रंथांत ह्या खनिजाचे मूळ गाव म्हणून काजलीडोंगरीचे नाव आहे. आपल्या मुलखाला ही भूषणाची गोष्ट होय. परंतु खनिज ग्रंथात प्रसिद्ध असणे निराळे आणि भागधारकाला पैसा मिळणे निराळे. संग्रहालयातील मौल्यवान नमुना मुठीएवढा असतो. धंद्याला लाखो टन माल लागतो.

दुसरे उदाहरण नागपूरचे, आणि ते आशादायक आहे. १८९६ मध्ये 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' नावाची मंडळी जुन्या मध्य प्रांतात मँगनीज शोधू लागली. प्रॉस्पेक्टिंग म्हणजे खनिजाचा शोध. तेव्हा ही जन्मतः शोध-कंपनीच. पुढे तिची 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' झाली. १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश ह्यांचा मिळून ५१ टक्के आणि जुन्या ब्रिटिश कंपनीचा ४९ टक्के वाटा असलेली 'मँगनीज ओअर इंडिया' ही कंपनी स्थापन झाली. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा वाटाही सरकारने घेतला. डिसेंबर २०१० मध्ये तिचे भाग ३७५ रुपयांनी जनतेस विकण्यात आले. आज ती 'मॉईल' ह्या नावाने ओळखली जाते. बालाघाट, नागपूर व भंडारा ह्या जिल्ह्यांत तिच्या खाणी आहेत आणि ती भागधारकांना लाभांश देत आली आहे.

पाहा, येथे पाणाड्याचा बागाईतदार झाला. परंतु ह्याची कारणेही पाहावीत. मँगनीजचा दगड पुष्कळ ठिकाणी जमिनीलगत व भरघोस होता, पोलादाच्या कारखान्यांना तो हवाच होता, आणि वर्षानुवर्षे माल निघून विकला जात होता. लाभांश शोधातून आला नाही. रोज भरून जाणाऱ्या मालगाड्यांतून आला.

सोन्याची हाव आणि सोन्याचा धीर

सोन्याच्या शोधाचे आपल्या देशातील सर्वांत बोधप्रद प्रकरण दक्षिणेत घडले. १८७९ ते १८८१ ह्या थोड्या काळात वायनाड व आसपासच्या डोंगरांत सोने आहे अशी हाकाटी झाली आणि लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचे कागदोपत्री भांडवल चाळीस लाख पौंडांच्या घरात गेले. सोने खडकात होते हे खोटे नव्हते. परंतु खर्च भागण्याइतके नव्हते. थोड्याच वर्षांत बहुतेक कंपन्या बुडाल्या.

त्याच सुमारास म्हैसूर संस्थानात कोलारला लव्हेल नावाच्या माजी सैनिकाने सोने शोधण्याचा परवाना मिळविला होता. पैसा पुरा पडेना म्हणून त्याला हक्क दुसऱ्यांच्या हवाली करावे लागले. १८८० मध्ये जॉन टेलर आणि मंडळींच्या व्यवस्थेखाली म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी निघाली. तिचेही भांडवल संपत आले, सोने हाती लागेना, आणि काम आवरते घ्यावे असा विचार सुरू झाला. शेवटचा प्रयत्न म्हणून प्लमर नावाच्या अनुभवी खाणकऱ्यास पाठविले. त्याने जुन्या, प्राचीन लोकांनी खणून सोडलेल्या जागांचा माग काढला आणि 'चॅम्पियन' नावाची प्रसिद्ध सुवर्णशीर सापडली. त्यानंतर ह्या कंपनीने भागधारकांना भरघोस लाभांश दिले. खाणी शंभराहून अधिक वर्षे चालल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या.

आपण सर्वजण कोलारची गोष्ट सांगतो. वायनाडच्या तीस कंपन्यांची कोणी सांगत नाही. जिंकलेल्याची वरात निघते, हरलेला गल्लीतून घरी जातो. गुंतवणूक करणाऱ्याने दोन्ही मोजले पाहिजेत. आणि लक्षात घ्यावे की कोलारचे पहिले शोधक लव्हेल. मोठा लाभ मात्र नंतर आलेल्या, पैसा व धीर दोन्ही असलेल्या मंडळींना झाला.

अलीकडचे प्रकरण

मुंबई शेअरबाजारात नोंद असलेल्या सुवर्णशोध-कंपन्यांत डेक्कन गोल्ड माइन्स हे नाव आपल्यापैकी कित्येकांच्या परिचयाचे आहे. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यात गणजूर येथे तिने पुष्कळ शोधकाम केले आणि खाणपट्टा मागितला. त्यानंतर कायदाच बदलत गेला. १२ जानेवारी २०१५ पासून खनिजांचे पट्टे लिलावाने देण्याची पद्धत आली. ज्यांनी पूर्वीच्या परवान्यावर शोध घेतला होता त्यांचे हक्क काही अटींवर राखून ठेवले गेले. २०२१ च्या दुरुस्तीने मंजुरी न मिळालेले असे अर्ज रद्द ठरविले आणि शोधावर झालेल्या खर्चाच्या भरपाईची तरतूद केली. गणजूरसारख्या प्रकल्पांवर ह्याचा थेट आघात झाला. पुढे कंपनीने आंध्र प्रदेशातील जोन्नगिरी येथील सोन्याचा पट्टा असलेल्या जिओमैसूर ह्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि तिचे लक्ष शोधाकडून उत्पादनाकडे वळले. परंतु शोधाच्या त्या प्रदीर्घ वर्षांत भागधारकांच्या वाट्याला लाभांश आला नाही. भागाचा बाजारभाव मात्र बातम्यांसरशी वरखाली होत राहिला.

मोठ्यांचीही हीच गत होते. आपल्याच राज्यात छतरपूर जिल्ह्यातील बंदर येथे रिओ टिंटो ह्या बलाढ्य कंपनीला २००४ मध्ये हिऱ्यांचा साठा सापडला. पुढील मंजुऱ्यांत वर्षे गेली आणि २०१७ मध्ये तिने तो प्रकल्प राज्य सरकारच्या स्वाधीन करून काढता पाय घेतला. २०१९ मध्ये त्याचा लिलाव होऊन तो बिर्ला समूहाच्या कंपनीकडे गेला. रिओ टिंटोला जगभर इतर खाणी होत्या म्हणून हे पचले. एकाच डोंगरावर भिस्त ठेवणाऱ्या लहान कंपनीला पचले नसते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वारा थोडा बदलत आहे. २०२३ च्या दुरुस्तीने सोने, चांदी, तांबे, हिरा, लिथियम अशा २९ खनिजांसाठी 'शोध-परवाना' हा नवा प्रकार आला. परवानेदाराने शोधलेल्या जागेचा पुढे लिलाव झाला, तर खाण घेणारा सरकारला जी अधिमूल्याची रक्कम देतो तिच्यातला ठरलेला हिस्सा शोधणाऱ्यास मिळावयाचा आहे. अशा परवान्यांचा पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात जाहीर झाला. म्हणजे पाणाड्याला पिकातील वाटा देण्याची ही सोय आहे. तरीही जागा सापडणे, तिचा लिलाव होणे आणि खाण सुरू होणे ह्या तिन्ही गोष्टी घडल्यावरच तो वाटा येईल.

अहवालात काय पाहावे?

ज्यांच्या घरी असे भाग आहेत त्यांनी जाड पाकीट आले की चित्रे पाहून झाल्यावर चार आकडे शोधावेत.

पहिला, साचलेला तोटा किती. हा खड्डा भरल्याशिवाय लाभांश नाही. दुसरा, हाती रोकड किती आणि वर्षाचा खर्च किती. रोकड एका वर्षाची असेल, तर पुढल्या वर्षी कंपनी नवे भाग काढील किंवा कर्ज घेईल. तिसरा, एकूण भागांची संख्या गेल्या पाच वर्षांत किती वाढली. समजा १ कोटी भाग होते आणि पैसा उभा करण्यासाठी ते ३ कोटी झाले. पुढे कधी दीड कोटी रुपये वाटावयाचे ठरले, तर पूर्वी भागास दीड रुपया मिळाला असता तेथे आता ५० पैसे मिळतील. पंक्तीत पाने वाढली आणि श्रीखंड तेवढेच राहिले! चौथा, खाणपट्टा प्रत्यक्ष हाती आहे की नुसता अर्ज केला आहे. अहवालातील 'अपेक्षित', 'विचाराधीन', 'प्रगतिपथावर' ह्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. मागच्या वर्षीच्या अहवालातही त्याच शब्दांखाली रेघ असेल, तर काय समजावयाचे ते समजावे.

असे भाग घेऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. कोणी तरी धोका पत्करल्याखेरीज नव्या खाणी सापडावयाच्या नाहीत. परंतु असा भाग घेणाऱ्याला जो लाभ होतो तो बहुधा भाव चढला असता भाग विकून होतो. लाभांशाने घरखर्च चालविण्याची ती जागा नव्हे. गेले तरी चूल बंद पडणार नाही एवढाच पैसा तेथे घालावा. विधवेचे, वृद्धाचे आणि न्यासाचे पैसे त्यात मोडत नाहीत.

न्यासाने काय करावे?

येथे भावनेपेक्षा कायदा आधी पाहिला पाहिजे. धर्मादाय न्यासांनी पैसे कशात गुंतवावे ह्याचे प्रकार आयकर कायद्याने ठरवून दिले आहेत: सरकारी रोखे, टपाल खात्यातील बचत, मान्य बँकांतील ठेवी, म्युच्युअल फंडांचे युनिट, सरकारी क्षेत्रातील कंपन्यांतील गुंतवणूक, वगैरे. खाजगी कंपनीचे साधे भाग त्या यादीत नाहीत. कोणी ते दान केले, तर ज्या आर्थिक वर्षात दान मिळाले ते वर्ष संपल्यापासून एका वर्षाच्या आत विकून पैसा मान्य प्रकारात घालावा लागतो. तसे न केल्यास न्यासाची करमाफी धोक्यात येते. म्हणजे आजवरच्या देणगीदारांनी पै-पैने जमविलेल्या निधीला एका सद्भावनेच्या देणगीने गळती लागावयाची.

देणगीदाराच्या बाजूनेही पाहावे. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यास देणगीची जी सूट मिळते ती पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीवर मिळते. वस्तू किंवा भाग दिल्यास मिळत नाही. तेव्हा उभयपक्षी सोयीचा मार्ग एकच: देणगीदाराने भाग स्वतः विकावेत, विक्रीवर जो कर बसेल तो भरावा आणि न्यासाला धनादेश द्यावा. प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी न्यासाच्या हिशेबनिसांचा सल्ला अवश्य घ्यावा.

घरोघरच्या डब्यांविषयी

आता मावशीच्या पितळी डब्याकडे परत येतो. ती गेल्यावर आम्ही तो डबा उघडला. शोध-कंपनीच्या भागपत्रांखाली एका साध्या, कोणाच्या लक्षातही नसलेल्या गिरणीची थोडी भागपत्रे निघाली. आणि फडताळाच्या मागच्या बाजूस, बँकेच्या जाहिराती समजून बाजूला टाकलेली सात-आठ पातळ पाकिटे मिळाली. ती डिव्हिडंडाची होती. ज्याची ती जन्मभर वाट पाहात होती ते घरात येत होते. परंतु दुसऱ्या कंपनीकडून, आणि पातळ पाकिटातून. मुदत केव्हाच टळली होती.

म्हणून सर्व कुटुंबांना विनंती आहे. सात वर्षे न उचललेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास त्यामागचे भागही तिकडेच जातात. अर्ज करून ते परत मिळविता येतात. परंतु वारसाचे कागद लागतात आणि वेळ लागतो. १ एप्रिल २०१९ पासून नोंद असलेल्या कंपन्यांचे कागदी भाग दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत. ते आधी डीमॅट करावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून कागदी भाग असणाऱ्यांचा लाभांश त्यांची ओळखपत्रे व बँकखात्याचा तपशील नोंदविल्यावरच, आणि थेट खात्यात जमा होतो. तेव्हा ह्या दिवाळीला फराळाचे डबे काढताना हे डबेही काढावेत. कोणाच्या नावे काय आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही घरातील बायकांना दाखवून ठेवावी. मावशीला तिच्या यजमानांनी ती दाखविली नव्हती.

ज्या कुटुंबापासून हा लेख सुरू झाला त्यांनी सर्व ऐकून घेतले. भाग विकून जी रक्कम येईल ती न्यासाला देण्याचे त्यांनी ठरविले आहे. आजच्या भावाने हिशेब केला तर ठेवीच्या व्याजातून दोन मुलींची फी निघत नाही, एकीचीच निघते. धाकटे चिरंजीव थोडे खट्टू झाले. त्यांच्या आई मात्र म्हणाल्या, "एकीचीच होईना, पण जूनमध्ये फी भरावयाच्या दिवशी पैसे हातात असतील ना?"

असतील. दुसऱ्या मुलीच्या फीसाठी न्यासाच्या कार्यालयात नवे पावतीपुस्तक काढले आहे. वाचकांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी त्यात आपले नाव घालावे.